‘आयर्लंडमधलं शिवलिंग’ पुढे पाठवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दर श्रावणात आणि महाशिवरात्रीच्या आठवड्यात तुम्ही एक मजकूर पुढे ढकलता. सोबत फोटो असतो. हिरवीगार टेकडी, ढगाळ आभाळ आणि मधोमध उभा असलेला, वरून गोलसर झिजलेला एक दगड. खाली लिहिलेलं साधारण असं: आयर्लंडमध्ये टारा नावाच्या टेकडीवर हजारो वर्षांपूर्वीचं शिवलिंग आहे, ते दनू मातेच्या लेकरांनी तिथे नेलं, टारा म्हणजे आपलीच तारा देवी, आणि ही गोष्ट जगापासून दडवून ठेवली आहे. शेवटी हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

टारा ज्या मीथ परगण्यात आहे, तिथेच मी राहते. टारा माझ्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्यामुळे तुमचा मजकूर आत्याकडून, शाळेच्या ग्रुपवरून किंवा पुण्यातल्या जुन्या सोसायटीतून आला, की त्याच्या शेपटाला प्रश्न असतोच, ‘अगं, तू तिथेच असतेस ना? दर्शन घेतलंस का?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहिते. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी जे मान्य करायला हवं ते करते. दगड लिंगासारखा दिसतो, यात वाद नाही. हे कळायला भारतीय डोळे लागत नाहीत. १८३०च्या दशकात जॉर्ज पेट्री आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयर्लंडच्या सरकारी मोजणीच्या कामात टाराचा एकेक उंचवटा नोंदवला, तेव्हा आसपासचे शेतकरी या दगडाला ‘बोद फेरगस’ म्हणत होते. फेरगस हा इथल्या जुन्या कथांमधला दणकट वीर, आणि ‘बोद’ म्हणजे काय ते तुम्ही ओळखलं असेलच. त्याच्याही कितीतरी आधीच्या एका कथेत राजाच्या रथाच्या वाटेच्या टोकाशी हा दगड उभा असतो आणि तिथेही त्याचं वर्णन पुरुषाच्या इंद्रियाच्याच शब्दात येतं. हक्काचा राजा रथ हाकत आला की दगड रथाच्या आसाला घासून असा किंचाळे की सगळ्यांना ऐकू जावं. कोणी काही दडवलेलं नाही. आयरिश लोक हे सगळं बिनदिक्कत सांगतात, माहितीच्या फलकासमोर उभं राहून हसतात आणि पुढे जातात.

पण दगडाचं काम पाहा. त्याचं नाव लिया फॉल, म्हणजे फॉलचा दगड. त्याच्यावर कोणी पाणी घालत होतं, फुलं वाहत होतं, असं एकाही जुन्या कथेत नाही. तो राजा ओळखणारा दगड आहे. सगळ्यात रंगतदार गोष्ट कॉन राजाची. हा कॉन रोज सूर्य उगवायच्या आत आपले तीन द्रुइद, म्हणजे जुन्या आयरिश धर्माचे पुरोहित, आणि तीन कवी घेऊन टाराच्या तटावर चढे, कारण टेकाडांच्या आत राहणारे अद्भुत लोक आयर्लंडवर कधी नकळत चालून येतील याचा नेम नव्हता. एके दिवशी त्याचा पाय एका दगडावर पडला आणि दगड ओरडला. आवाज सगळ्या टारात आणि खालच्या मैदानात ऐकू गेला. कॉनने विचारलं, हा दगड कुठला, ओरडला का आणि किती वेळा ओरडला? कवीने उत्तरासाठी मुदत मागितली. किती, तर त्रेपन्न दिवस! मुदत संपल्यावर त्याने सांगितलं की याचं नाव फॉल आणि जितक्या आरोळ्या तितके तुझ्या वंशाचे राजे होतील. ते कोण, हे मात्र मी सांगणार नाही. सरकारी खात्यातून माहिती मागवली की येतं तसलं उत्तर.

कू खुलिन या वीराची गोष्ट याच्या उलटी. त्याने हाताशी धरलेल्या मुलाखाली दगड ओरडला नाही, तेव्हा त्याने तलवारीने दगडावरच वार केला. त्यानंतर म्हणे दगड मुका झाला, तो फक्त कॉनसाठी बोलला. राजाला मान्यता देणारा, रागाच्या भरात मार खाणारा आणि रुसणारा असा हा दगड आहे. याला महादेव म्हणताना त्याची ही सगळी स्वतःची हकीकत पुसून जाते, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

आता दनूबद्दल. हा दगड आणणाऱ्या दैवी लोकांचं नाव तूआहा डे डॅनन. ते चार नगरांतून चार वस्तू घेऊन आले असं कथा सांगते: फालिआस नगरातून हा दगड, शिवाय लूगचा भाला, नुआदाची तलवार आणि डागडाची कढई, जिच्यातून कोणी उपाशी उठत नसे. त्यांच्या नावातली डॅनन आणि वेदातली दनू यांचं मूळ एक असू शकेल, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. आयरिश आणि मराठी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत, तेव्हा असे धागे सापडायचेच. पण धागा भाषेचा आहे, त्याला धरून कोणी दगड ओढत आणल्याचा नाही. टारा आणि तारा यांचं तर तेवढंही नातं नाही. टेकडीचं आयरिश नाव तेवर, त्याचं ‘टारा’ हे रूप इंग्रजांच्या जिभेवर घडलेलं.

मजकुरात चार पंडितांच्या बखरीचा दाखला असतो. ती बखर खरी आहे. १६३२ ते १६३६ या काळात डोनेगॉलच्या फ्रान्सिस्कन मठाच्या आश्रयाने मीहॉल ओ क्लेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोथ्या गोळा करून ती रचली. जगाच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजत त्यांनी सगळ्या पौराणिक राजांना ओळीने तारखा दिल्या. म्हणजे शिवाजी महाराजांच्या बालपणी लिहिलेल्या ग्रंथात हजारो वर्षांपूर्वीच्या दैवी लोकांची सालवार यादी आहे. तिच्यावरून दगडाचं वय काढता येत नाही.

एवढ्यावर मी थांबले असते आणि म्हटलं असतं, पाठवा बापडे, कोणाचं काय जातं? पण टाराच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही, कारण नेमकी हीच गोष्ट इथे एकदा घडून गेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एक पंथ होता. इंग्रज म्हणजे इस्राएलच्या हरवलेल्या जमातींचे वंशज, असं त्यांचं म्हणणं. त्यांची साखळी अशी: टारा हा शब्द ‘तोरा’सारखा आहे, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ. आयरिश पुराणात टेआ नावाची राणी टाराला पुरली आहे, म्हणजे ती ज्यू राजकन्या. तिला यिर्मया संदेष्टा घेऊन आला. लिया फॉल म्हणजे बायबलमधल्या याकोबाने उशाला घेतलेला दगड. मग ज्या पेटीत मोशेच्या दहा आज्ञांच्या पाट्या होत्या ती कराराची पेटीही याच टेकडीखाली असणार! आयर्लंड तेव्हा इंग्रजी अमलाखाली होतं. जमीनमालकाने परवानगी दिली आणि १८९९ ते १९०२ या काळात ही मंडळी ‘सभांचा कोट’ म्हणतात त्या गोल तटबंदीवर मजूर लावून खणत राहिली.

खणायची पद्धत शून्य, नोंदी जवळजवळ नाहीत. डब्लिनमध्ये संताप उसळला. १९०२च्या जूनमध्ये डग्लस हाइड, जॉर्ज मूर आणि डब्ल्यू. बी. येट्स या तिघा लेखकांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला जाहीर पत्र लिहिलं की ही आयर्लंडमधली बहुधा सगळ्यात पवित्र जागा आहे आणि तिचा असा नाश झाला तर त्याच्या कडू आठवणी मागे राहतील. यातला हाइड पुढे आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आयरिश स्वातंत्र्यचळवळीतल्या मॉड गॉनचा मार्ग वेगळा होता. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जमीनमालकाने टेकडीवर होळी रचून ठेवली होती, ती तिने आधीच पेटवून टाकली आणि तिथे राष्ट्रगीतं म्हटली. पेटी अर्थातच मिळाली नाही. १९५२-५३ मध्ये शॉन ओ रिअर्डन या पुरातत्त्वज्ञाने त्याच कोटाचं शिस्तीत उत्खनन केलं, तेव्हा त्याला आधी त्या पेटीवाल्यांच्या खड्ड्यांशीच झगडावं लागलं. त्याला तिथे काय सापडलं? रोमन साम्राज्यातून आलेल्या वस्तू, काचेच्या भांड्यांचे तुकडे, एक शिक्का, एक कुलूप. रोमन सैन्य आयर्लंड जिंकायला कधी आलं नाही, पण रोमन वस्तू टाराच्या लोकांच्या घरात होत्या. ही गोष्ट पेटीपेक्षा मोलाची होती आणि ती पेटीवाल्यांच्या फावड्याखालीच चुरडत होती.

तुमचा मजकूर वाचताना मला ती माणसं आठवतात. शब्दाचा सारखेपणा, एक राणी किंवा देवी, एक दगड, आणि ‘सत्य दडवलं आहे’ ही खात्री. कुदळ तुमच्या हातात नाही, हे खरं. पण दोन उन्हाळ्यांमागे भारतातून आलेल्या, ओळखीच्या ओळखीतल्या एका आजोबांना मी टाराला घेऊन गेले. त्यांनी खिशातून हळदकुंकवाची पुडी काढली आणि मी गाडीचं कुलूप तपासून येईपर्यंत दगडाला बोटं ओढली होती. शेवाळ्याच्या करड्या ठिपक्यांवर पाच लाल-पिवळे ओघळ. वर बाटलीतलं पाणी. भाव अगदी खरा होता, माझ्याच्याने रागावणंही झालं नाही. शेजारी कुत्रा फिरवायला आलेल्या बाई नुसत्या बघत राहिल्या.

त्या तशा का बघत होत्या ते सांगते. २०१२ साली कोणीतरी हातोड्यासारख्या कशाने तरी या दगडावर ११ ठिकाणी घाव घातले. २०१४ मध्ये त्याच्यावर लाल आणि हिरवा रंग ओतला. २०२३ मध्ये फवाऱ्याच्या रंगाने त्याच्यावर ‘बनावट’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. दगडावर रंग दिसला की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, तो रंग हळदीचा आहे की डब्यातला हे तो विचारत बसत नाही. आणि ज्या दगडाला तुम्ही हजारो वर्षं जागचा न हललेला समजता, तो आधी मुळात दुसरीकडे होता. १७९८च्या इंग्रजांविरुद्धच्या बंडात, २६ मे रोजी, टाराच्या टेकडीवर बंडखोरांचा सरकारी फौजेने पाडाव केला. त्यातल्या मेलेल्यांना जिथे पुरलं, त्या ‘फोराह’ नावाच्या उंचवट्यावर खूण म्हणून हा दगड नंतर आणून उभा केला. त्याआधी तो होता ओलिसांच्या टेकाडाजवळ.

मला तुम्हाला खरं तर त्या टेकाडाबद्दलच सांगायचं आहे. तुमच्या फोटोत ते नसतं. असलं तर मागे, धूसर, गवताची एखादी उलटी वाटी वाटावी असं.

टारावर येणाऱ्यांची बहुतेक निराशा होते. राजांची राजधानी म्हणून येतात आणि दिसतं काय, तर मेंढ्या, वारा आणि खालीवर होणारी जमीन. एक किलोमीटर घेराचा ‘राजांचा कोट’ आहे, पण त्याचा खंदक तटाच्या आतल्या बाजूला आहे. शत्रू अडवायचा तर खंदक बाहेर हवा. म्हणजे हा कोट लढाईसाठी नव्हताच. आतल्या पवित्र जागेला बाहेरच्या जगापासून वेगळं करायला खडकापर्यंत तीन मीटर खोल खणलेला तो खंदक, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. आणि हा खंदक खणणाऱ्यांनी आपला कोट असा आखला की ओलिसांचं टेकाड त्याच्या आत राहील. त्यांच्याही दृष्टीने ते टेकाड पुराणं होतं. तीन हजार वर्षांचं!

टेकाड साधारण ख्रिस्तपूर्व ३२०० मधलं आहे. गिझाचे पिरॅमिड तेव्हा उभे राहायचे होते. आत चार मीटर लांब आणि जेमतेम मीटरभर रुंद दगडी वाट आहे, तिचे तीन कप्पे. दाराला जाळी आहे, आत सोडत नाहीत. जाळीला नाक लावून डावीकडे बघायचं. सुरुवातीला काळोख, मग डोळे सरावले की एका उभ्या शिळेवर कोरलेली वर्तुळं दिसू लागतात, एकात एक, आणि त्यांच्या आजूबाजूला कमानीसारख्या रेषा. मोबाइलचा दिवा तिरपा धरला तर टाच्यांचे खड्डे मोजता येतील इतके स्पष्ट. त्या वर्तुळांचा अर्थ आज कोणालाच सांगता येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा उजेड या वाटेत शिरतो. ते दिवस म्हणजे इथल्या जुन्या पंचांगातले हिवाळा लागण्याचे आणि वसंत लागण्याचे सण, साउइन आणि इंबोल्क.

ओ रिअर्डनने १९५५ मध्ये हे टेकाड खणायला घेतलं, १९५७ मध्ये तो वारला, आणि १९५९ मध्ये रुअरी डे व्हलेराने काम पुरं केलं. आत दोनशेहून जास्त माणसांची जळालेली हाडं आणि राख निघाली. शतकानुशतकं लोक आपले मृत तिथे आणत होते. पुढे कांस्ययुगात टेकाडाच्या मातीत जे पुरले, त्यातला एक मात्र जाळलेला नव्हता. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, पाय पोटाशी घेऊन टेकाडाच्या मातीत निजवलेला, गळ्यात मण्यांची माळ. मणी वेगवेगळे: काशाचे, अंबरचे, काळ्या जेट दगडाचे आणि काचेसारख्या निळसर लेपाचे. मातीतल्या बाकीच्यांची राख आणि याचीच हाडं शाबूत का ठेवली? साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी तसं ठरवलं, एवढंच. राजपुत्र म्हणा, परगावचा पाहुणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी दर खेपेला त्याचा विचार करते.

मग यात ओलीस कुठून आले? ते फार पुढचे. जुन्या आयरिश कायद्यात म्हटलं आहे की ज्याच्याकडे बेडीतले ओलीस नाहीत तो राजाच नव्हे. मांडलिकाने आपला मुलगा वरच्या राजाकडे ठेवायचा, करार मोडला तर मुलाच्या जिवाशी गाठ. टाराचा सगळ्यात गाजलेला राजा नायल, त्याचं बिरुदच ‘नऊ ओलिसांचा’. त्याच्या वंशजांनी पुढे शतकानुशतकं आयर्लंडच्या मोठ्या भागावर राज्य केलं आणि या प्राचीन थडग्याला ओलिसांचं नाव चिकटलं. आपल्याकडे नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, तसंच. नाव नंतरचं आहे म्हणून इथे कोणी ते टाकून दिलं नाही. इथला वाटाड्या तुम्हाला आधी नायलची गोष्ट सांगतो आणि मग, त्याच दमात, हाडांचं वय. दोन्हींची गल्लत करत नाही. मला एवढीच सवय आपल्याकडे हवी आहे.

गोष्टी हव्यात ना? टारावर गोष्टींना तोटा नाही. पश्चिमेच्या उतारावर दोन गोल खंदक आहेत, अर्धे खाली घसरल्यासारखे. त्यांची गोष्ट अशी. टारावर लुई मॅक कॉन राज्य करत होता. ज्याला मारून त्याने गादी घेतली, त्या आर्ट राजाचा मुलगा कॉर्मॅक लपतछपत वाढला आणि एक दिवस टाराला आला. त्या दिवशी दरबारात एक खटला होता. कोणाच्या तरी मेंढ्या राणीच्या बागेतली वोडची रोपं खाऊन गेल्या होत्या. वोड म्हणजे कापडाला निळा रंग देणारी वनस्पती, मोठी किमती. राजाने निकाल दिला, मेंढ्या जप्त करा. कोपऱ्यातून तो पोरगा म्हणाला, ‘नाही. रोपं कातरली गेली, त्याच्या बदल्यात मेंढ्यांची लोकर कातरून द्या. रोपंही पुन्हा उगवतील, लोकरही पुन्हा येईल.’ ज्या बाजूला बसून खोटा निकाल दिला, दरबाराची ती बाजू त्याच क्षणी उतारावरून खाली घसरली. लुई वर्षभर गादीवर राहिला, पण जमिनीत गवत उगवेना, झाडाला पान येईना, धान्याला दाणा धरेना. मग लोकांनीच त्याला हाकललं. आज पुरातत्त्ववाले सांगतात की ते खंदक म्हणजे प्रागैतिहासिक थडगी. असतील. पण गाव तहसीलला निकाल ऐकून परत येतं तेव्हाच्या चेहऱ्यांशी ही गोष्ट माझ्या मनात कायमची जोडली गेली आहे.

आता भारताशी नातं. ते आहे, आणि तुमच्या मजकुरातल्या नात्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे. टारा ओस का पडली, याची आयरिश गोष्ट सहाव्या शतकातल्या डिअरमिड राजाची. त्याच्या अधिकाऱ्याला मारून पळालेल्या एका सरदाराने रुआदान नावाच्या संताच्या मठात आसरा घेतला. राजाने त्याला तिथून धरून नेलं. मठाचा आसरा मोडला म्हणून रुआदान आपली माणसं घेऊन टाराला आला आणि राजाच्या दारात उपाशी बसला. घंटा वाजवत, स्तोत्रं म्हणत. राजाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता, तोही उपाशी बसला! कोणी हटेना. शेवटी संतांनीच युक्ती केली. डोक्यावरून टोप पुढे ओढले आणि जेवल्याचं सोंग करत घास झग्याच्या आत सोडून दिले. हेरांनी राजाला कळवलं, ते जेवले. राजा जेवला, आणि हरला. रुआदानने शाप दिला की टारात पुन्हा कधी धूर निघणार नाही.

दारात उपाशी बसून मोठ्या माणसाला वठणीवर आणायचं, हा जुन्या आयरिश कायद्यातला रीतसर मार्ग होता. ऋणको सामान्य असेल तर त्याची गुरं जप्त करता येत, पण तो राजा, धर्मगुरू किंवा पंडित असेल तर आधी त्याच्या दारात उपास करायचा. उपाशी माणसाला दारात ठेवून जो जेवला त्याची पत गेली. मंडळी, हे काय आहे ते मराठी माणसाला सांगायला हवं का? धरणं! शिंद्यांच्या छावणीत पगार थकलेल्या शिपायांनी वरच्यांच्या दारात धरणं धरल्याच्या हकीकती इंग्रज प्रवाशांनी लिहून ठेवल्या आहेत. हे साम्य मी शोधलेलं नाही. हेन्री मेन हा कायदेपंडित १८६०च्या दशकात कोलकात्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता, त्याने १८७५ मध्ये आयरिश उपास आणि भारतीय धरणं शेजारी ठेवून दाखवलं. त्याच खुर्चीवर १८७७ ते १८८२ या काळात बसला व्हिटली स्टोक्स, डब्लिनचा माणूस, वीस वर्षं भारतात. दिवसा ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे लिहायचा आणि उरलेल्या वेळात मध्ययुगीन आयरिश पोथ्या वाचायचा. त्याची काही आयरिश पुस्तकं चक्क कोलकात्यात छापली गेली. लिया फॉल चार नगरांपैकी एकातून आला, ही गोष्ट ज्या पोथीत आहे तिचं इंग्रजी भाषांतरही भारतातून परतल्यावर १८९१ मध्ये त्यानेच छापलं. म्हणजे तुमच्या मजकुरात जी काही खरी ओळ आहे, ती तुमच्यापर्यंत येण्यात भारतात वीस वर्षं काढलेल्या या आयरिश कारकुनी डोक्याचा हात आहे.

आणि पुढे १९२०मध्ये कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवस उपाशी राहून मेला. १९२९मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांनी गेला, तेव्हा मॅकस्विनीच्या घरच्यांनी भारताला शोकाची तार केली. हे पाठवा ना पुढे.

टाराला धोका फक्त भाविकांचा आणि हातोडेवाल्यांचा नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमच्याच मागे लागले आहे. २००७मध्ये टेकडीजवळच्या दरीत महामार्गाच्या कामात लिसमलिन इथे लोहयुगातलं, ८० मीटर व्यासाचं लाकडी खांबांचं वर्तुळ सापडलं. राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं, उत्खनन झालं, आणि वरून रस्ता गेला. शेमस हीनीसारख्या कवीचा विरोधही कामी आला नाही. जून २०१०मध्ये तो रस्ता सुरू झाला. मी त्याच रस्त्याने कामाला जाते आणि टोल भरते. शिवाय टेकाडाच्या खालच्या बाजूला हॉथॉर्नची झाडं आहेत, परीचं झाड म्हणून त्यांना चिंध्या बांधतात. जुनी रीत अशी की चिंधी कुजली की दुखणं जातं. आता तिथे मोजे, मास्क, केसांचे रबर, प्लॅस्टिकच्या बांगड्या लटकतात. त्या कुजणार कधी आणि दुखणं जाणार कधी! यात आपल्या लोकांनी बांधलेले लाल धागेही मी पाहिले आहेत, आणि इतर सगळ्या देशांचं सामानही.

तर माझं मागणं. यायचं तर जरूर या. टारा डब्लिनपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, बारा महिने खुली असते, टेकडीवर फिरायला तिकीट नाही. उन्हाळ्यातही कानटोपी घ्या आणि चिखलाचे बूट घाला. हळदकुंकू, दूध, तेल गाडीतच राहू द्या. दगडाला हात लावायला हरकत नाही, तो ओरडला तर मात्र मला लगेच कळवा. टेकाडाच्या माथ्यावर चढून फोटो काढू नका, मुलांनाही चढवू नका. पायांनी माती सुटते आणि खाली ती पाच हजार वर्षांची रचना आहे. झाडाला काही बांधू नका. जाळीतून ती वर्तुळं मात्र नक्की बघा.

आणि पुढच्या श्रावणात तो मजकूर आला तर पाठवणाऱ्याला खोटं पाडत बसू नका, घरात उगाच भांडणं होतात. त्याला रुआदानने झग्यात टाकलेल्या घासांची गोष्ट पाठवा. माझ्या आत्याला मी ती फोनवर सांगितली, तेव्हा तिने ती शेजारणीला सांगितली, आणि शेजारणीने मला उलटी विचारली, ‘मग त्या लपून बसलेल्या सरदाराचं पुढे काय झालं?’ तो सुटला, असं कथा म्हणते. राजाने त्याला परत केलं.

आपली,
मीथ परगण्यात राहणारी एक मराठी बाई